‘मूळ रा.’चं काय करायचं?

प्रिय,

तुझा मेल वाचला आणि सोबतची नवले पुलाकडच्या अपघाताच्या बातमीची कॉपीही वाचली. ‘कंटेनरचा परप्रांतीय चालक गजाआड’ या तुझ्या हेडिंगमधला ‘परप्रांतीय’ डेस्कनं, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या संपादकांनी, उडवला, म्हणून तू भडकली आहेस. तो बिहारचाच आहे, प्रेसनोटमध्ये तसं स्वच्छ लिहिलंय, मग यात शिवी कुठे आली, असं तू विचारतेस. प्रश्न रास्त आहे. नुसतं ‘असं लिहू नये’ म्हणून मी तुला वाटेला लावणार नाही.

आधी प्रेसनोटचंच बघू. आरोपीच्या नावापुढे वय, मग ‘सध्या रा.’ आणि त्यापुढे ‘मूळ रा.’ अशी ती ओळ असते. पोलिसांना तिचा उपयोग आहे. जामिनावर सुटलेला माणूस गावाकडे निघून गेला तर समन्स कुठे धाडायचं, हे त्यांना माहीत असावं लागतं. लातूरच्या आरोपीपुढेही ‘मूळ रा.’ असतंच. पण म्हणून ‘लातूरकर चालक गजाआड’ असं हेडिंग तू कधी पाहिलंस? ओळ तीच आणि तितकीच खरी. एकाची तळाशी पडून राहते, दुसऱ्याची उडी मारून थेट मथळ्यात जाऊन बसते. ती उडी कुणी मारायला लावली, हे बातमीदारानं स्वतःला विचारायचं असतं. बऱ्याचदा उत्तर फार साधं निघतं. दोन कॉलमांत हेडिंग भरत नव्हतं आणि ‘परप्रांतीय’ मापात बसला!

तू साताऱ्याची. उद्या मुंबईच्या ऑफिसात कुणी तुझ्याकडे बघून ‘घाटी आहे ती’ म्हणालं, तर तू घाटावरून आलेली आहेस हे खोटं ठरत नाही. गोव्यातही हा शब्द चालतो, आणि तिकडे त्यात कर्नाटकातून आलेले मजूरही मोडतात. शब्द खरा असून तुला तो टोचेल, कारण बोलणाऱ्याला तुझा पत्ता सांगायचा नव्हता. तेव्हा ‘खरं आहे ना?’ एवढ्यानं भागत नाही. त्या वाक्यात त्या शब्दाला काम काय आहे, ते बघायचं.

कधी कधी काम असतं, आणि मोठं असतं. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात निदो तानिया या अरुणाचल प्रदेशच्या विद्यार्थ्याची त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली. त्यातून भांडण, मग मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढे केंद्र सरकारनं ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला बेझबरुआ समिती नेमली ती याच प्रकरणानंतर. या बातमीतून ‘अरुणाचल’ काढलास तर तो का मेला, हेच वाचकाला कळणार नाही. ऑगस्ट 2012 चंही तसंच. आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि पुण्या-बंगळुरातून ईशान्येकडची मुलं गाड्या भरभरून गावाकडे निघाली. सरकारला घाऊक एसएमएसवर बंदी घालावी लागली होती. कोण निघालंय हे न लिहिता ती बातमी कशी लिहिणार? मात्र तिथेही शक्य तेव्हा राज्याचं नाव लिही. आठ राज्यांची मिळून एकच ‘ईशान्येकडची मुलं’ करणं आपल्याला सोयीचं पडतं, मिझोरामच्या मुलाला नाही.

परदेशी माणसाच्या व्हिसाची मुदत संपल्याचा गुन्हा असेल, तर देश लिहावाच लागेल. त्यात चर्चेला काही नाही.

गोची होते ती काम नसताना लिहिलं जातं तेव्हा, आणि ती फक्त कुणाचं मन दुखावण्यापुरती राहत नाही. जानेवारी 2016 च्या अखेरीस बंगळुरात एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली सापडून एक बाई दगावली. थोड्या वेळानं त्याच रस्त्यावरून टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांबरोबर गाडीतून येत होती. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. जमावानं तिला मारहाण केली, गाडी जाळली. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत, मधे आणखी देश पडतात. पण जमावाच्या डोक्यात एकच खाना होता आणि त्यावर ‘आफ्रिकन’ लिहिलेलं होतं. तो खाना एका रात्रीत तयार होत नाही. रोजच्या छोट्या छोट्या बातम्यांनी, गप्पांनी तो आधीच तयार असतो. आपण त्यात किती भर घालतो, ते तूच आठवडाभराचे अंक काढून बघ.

गोव्यात 2013 च्या ऑक्टोबरअखेरीस पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हमरस्ता अडवून धरला, आणि तिथून चर्चेची गाडी जी वळली ती वळलीच. खुनी कोण, हे बाजूला पडून गोव्यात नायजेरियन किती आणि ते करतात काय, यावर रान उठलं. एका मंत्र्यानं तर त्यांना कॅन्सर म्हटलं. मेलेला माणूस त्यांच्यातला होता, तरी आरोपीच्या पिंजऱ्यात तेच!

शिवी लागतच नाही, हे तुला आपल्याच धंद्यातल्या उदाहरणानं दाखवतो. साठच्या दशकात बाळ ठाकऱ्यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. त्यात दाक्षिणात्य नावांची भाऊगर्दी असे. नुसती नावं. मराठी मुलांना नोकऱ्यांत डावललं जातंय ही तक्रार पोकळ होती, असं मी म्हणणार नाही. पण याद्यांनी साहेबाला आणि साध्या माणसाला एकाच माळेत ओवलं. नंतर ज्या उडुपी हॉटेलांवर दगड पडले, त्यांच्या गल्ल्यावर बसणाऱ्यानं कुणाची नोकरी अडवली होती?

आणि जन्मावरून शिक्का मारायचं काम सरकारनंही केलंय, तेही कायद्यानं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे देशभर माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली. हजेऱ्या, पास, काटेरी तारांची कुंपणं. सोलापुरात जा, कुंपणाआडच्या त्या वसाहतीचं ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. 31 ऑगस्ट 1952 ला या जमाती त्या जोखडातून कागदोपत्री सुटल्या. आपण मात्र आजही ‘पारधी टोळी जेरबंद’ असं बिनदिक्कत लिहितो. दुसऱ्या कुठल्या जातीच्या चार माणसांनी दरोडा घातला तर तिचं नाव आपण टोळीला देतो का? नाही देत. तेव्हा फक्त ‘दरोडेखोरांची टोळी’ असते. जी जात आपली वाटते ती दिसत नाही. दुसऱ्याची तेवढी दिसते. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे हे, की एखाद्या जातीला कमीपणा येईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा. ती पुस्तिका ऑफिसात कुठेतरी असेल, बहुधा कपाटावर.

आता एक ताकीद. हे सगळं वाचून तू ‘एका विशिष्ट समाजाच्या तरुणांनी’ असं लिहायला लागशील, तर ते मात्र मला मुळीच चालणार नाही. मराठी पत्रकारितेतला हा सगळ्यात लबाड शब्दप्रयोग. नाव घेतलं नाही असं आपलं आपल्याला समाधान, आणि वाचकाला नेमकं कळतं कोण ते. ज्याला कळत नाही तो अंदाज बांधतो, आणि असे अंदाज कधी दयाळू नसतात. दंगलीच्या दिवसांत समाजांची नावं न छापण्याचा जुना संकेत आहे, तो चांगला आहे. पण पाळायचा तर पुरता पाळ. नाव छापायचं तर कारण देऊन छाप, नसेल छापायचं तर पाठीमागून बोट दाखवू नकोस.

तू लिहिलंयस की, आमच्या सोसायटीच्या वॉचमनला सगळे ‘बहादूर’ म्हणतात आणि त्याला काही वाटत नाही, तो हसतो. हसेल नाही तर काय करेल? त्याची खोली सोसायटीची, पगार सोसायटीचा. चेअरमनला तो ‘मला नावानं हाक मारा’ असं सांगेल, ही अपेक्षाच धरू नकोस. त्याच्या हसण्यावरून काही ठरवायचं नसतं. त्याचं खरं नाव सोसायटीतल्या किती जणांना माहीत आहे, ते विचार. गेटवर चोरी झाली की पोलीस आधी कुणाला उचलतात, तेही बघ.

हे सगळं असलं तरी तुझ्या कॉपीवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या त्या उतारावर वर्षानुवर्षं असे अपघात होत आलेत. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून सोडतात, मग ब्रेक धरत नाहीत. तो चालक बिहारचा आहे हे कळल्यावर तू विचारायचंच थांबलीस. कंटेनर कुणाचा? सगळ्या कॉपीत मालकाचं नाव एकदाही नाही. चालक किती तास सलग गाडीवर होता? गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट कधी संपलं होतं? डिझेलचा हिशेब मालक चालकाकडून कसा मागतो? वजन किती भरलं होतं, कुठल्या गोदामात? मालकाचा पत्ता जवळचाच निघाला, तर ‘मूळ रा.’ कुणाच्या पुढे लावायचं, तेव्हा बघू. तू ‘परप्रांतीय’ लिहिलंस आणि हे सगळे लोक बातमीबाहेर आरामात बसले. वाचकालाही वाटलं की कारण सापडलं. डेस्कनं एक शब्द काढला, पण रिकाम्या जागा तुलाच भरायच्या आहेत.

तेव्हा सोमवारी आरटीओत जा. कंटेनरचा नंबर घेऊन नोंदणी, परमिट आणि फिटनेसची माहिती काढ. तिथला क्लार्क ‘साहेब नाहीत’ म्हणेल, तरी बसून राहा. तपास अधिकाऱ्याला फोन करून विचार की मालकाचा जबाब झाला का, आणि गाडीतली लॉरी रिसीट, म्हणजे मालाची पावती, हाती लागली का. चालकाच्या घरी कोण असतं, त्याला वकील मिळाला का, हेही विचार. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, हे तुझ्याच प्रेसनोटमध्ये आहे. फॉलोअप बुधवारपर्यंत दे. पाठवण्याआधी मला दाखवायचा असेल तर रात्री नऊच्या आत पाठव, त्यानंतर मी झोपतो.

तुझा,
काका