वाचकांचे प्रश्न : फळीकडं बघू नको, पळ

या वेळचे बहुतेक मेसेज शाळकरी पोरापोरींचे आलेत, कारण शालेय स्पर्धा तोंडावर आल्यात. आपल्या कोल्हापुरात कुस्तीतलं किंवा फुटबॉलमधलं काही विचारा, पानपट्टीवाला पण अर्धा तास बोलेल, पण १०० मीटर आणि लांब उडी करणाऱ्यांनी विचारायचं कुणाला? म्हणून हा पूर्ण अंक त्यांना देऊन टाकलाय.

ताई, मी नववीत आहे, शिवाजी पेठेत राहते. १०० मीटर आणि लांब उडी दोन्ही करते. प्रॅक्टिसला साडेचार मीटरच्या पुढं जाते पण स्पर्धेत तीनातल्या दोन उड्या फाऊल होतात, म्हणजे जिथनं उडायचं त्या फळीच्या पुढं पाय जातो. सर सांगतात फळीवर लक्ष ठेव, आणि लक्ष ठेवलं की माझा स्पीडच जातो. काय करू?

अगं, तुझं तूच उत्तर दिलंयस की. फळी बघायला मान खाली गेली की कंबर खाली बसते, पावलं आखूड नाहीतर लांब व्हायला लागतात आणि जो स्पीड घेऊन उडायचं तोच गेलेला असतो. लांब उडी म्हणजे निम्म्याहून जास्त पळणंच आहे गं, म्हणून तर चांगले स्प्रिंटर लांब उडीत पण चालतात. जेसी ओवेन्सनं १९३६ ला बर्लिनमध्ये आणि कार्ल लुईसनं १९८४ ला लॉस एंजलिसमध्ये १००, २००, रिले आणि लांब उडी अशी चारही गोल्ड एकाच ऑलिम्पिकमध्ये घेतली, ते काही उगाच नाही.

तेव्हा फळी डोळ्यांनी शोधायची नाही, रनअप म्हणजे फळीपर्यंतचं पळणं मोजून ठेवायचं. फळीवर उभी राहा, वाळूच्या खड्ड्याकडं पाठ कर, आणि उलट्या दिशेनं म्हणजे रनवेवर जोरात १४ पावलं पळ, मैत्रिणीला सांग चौदावं पाऊल पडलं तिथं खूण कर. असं पाच-सहा वेळा कर, खुणा मागंपुढं पडतील, जिथं जास्त खुणा गोळा होतील ती तुझी जागा. मग तिथनं सरळ पळून बघ आणि टेपनं मोजून वहीत लिहून ठेव, टेप नसली तर टाचेला पंजा लावत पावली मोज, पण दर वेळी त्याच बुटात. मोठे खेळाडू २० च्या आसपास पावलं घेतात, ते बघून तू वाढवू नकोस, तुझ्या वयाला १२ ते १६ भरपूर झाली.

आता फाऊल का होतो ते शोधायचं. मैत्रिणीला फळीच्या अलीकडं शेवटची चार पावलं जिथं सुरू होतात तिथं, रनवेच्या बाजूला उभी कर आणि फक्त एवढंच बघायला सांग की तुझा पाय दर वेळी त्याच जागी पडतोय का. तिथंच मागंपुढं होत असेल तर गडबड सुरुवातीला आहे, म्हणजे कधी तू उभी राहून निघतेस, कधी दोन पावलं चालत येऊन निघतेस, कधी उगाच एक उडी मारून निघतेस, सगळं वेगवेगळं. पहिलं पाऊल कायम सारखं पडलं पाहिजे. आणि तिथं बरोबर येऊन पुढं फाऊल होत असेल तर शेवटच्या चार पावलात तू फळीला गाठायला पाय लांबवतेस, मग खूण कितीही मागं घे, उपयोग नाही.

स्पर्धेच्या दिवशी अंगात जोर जास्त असतो, पाऊल लांब पडतं, म्हणून पहिल्या उडीला खूण वीतभर मागं घे आणि एक उडी नोंदवून टाक. वारा समोरून असेल किंवा मैदान ओलं असेल तर पावलं आखूड पडतात, तेव्हा खूण थोडी पुढं, वारा पाठीमागून असेल तर मागं. रनवेवर खडूनं रेघ मारायला परवानगी नाही, कडेला दोनपर्यंत मार्कर ठेवता येतात. आणि नियम नीट समजून घे, २०२१ च्या नोव्हेंबरपासून फळीच्या पुढच्या कडेच्या रेषेवर एक उभी भिंत आहे असं समजून निर्णय देतात, म्हणजे उडी घेताना पाय फळीवर असतानाच बुटाचं टोक हवेत जरी त्या रेषेपुढं गेलं तरी फाऊल. आधी पुढच्या मातीवर किंवा प्लॅस्टिसिनवर ठसा उमटला की फाऊल असायचा.

अजून एक, वाळूत पडल्यावर मापतात ते फळीला सगळ्यात जवळच्या खुणेपासून. तुझा हात मागं टेकला तर तिथनं, लांब वेणी वाळूला लागली तर तिथनं पण! वेणी गुंडाळून घट्ट बांध. २०२१ ला नैरोबीत २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत आपल्या शैली सिंगनं ६.५९ मीटर उडी मारली आणि गोल्ड ६.६० ला गेलं, एका सेंटीमीटरनं. आणि उडी झाली की पुढनं किंवा बाजूनं बाहेर ये, वाळूतनं मागं फळीकडं चालत आलीस तर चांगली उडी पण बाद.

मी दहावीत, कसबा बावडा. गेल्या वर्षी १०० ची फायनल आणि लांब उडी एकाच वेळी लागली. पळून येईपर्यंत माझा नंबर होऊन गेला, पंच म्हणाले गेला चान्स. हे बरोबर आहे काय?

बरोबर आहे, पण आधी सांगितलं असतंस तर वाचलं असतं. ट्रॅक आणि फिल्ड दोन्हीत नाव असलेल्या खेळाडूला एखाद्या फेरीत नंबर मागंपुढं करून उडी मारायची परवानगी रेफ्री देऊ शकतात. 'देऊ शकतात' म्हटलंय, द्यायलाच पाहिजे असं नाही, शिवाय शेवटच्या फेरीत क्रम बदलून मिळत नाही. आणि न सांगता गायब झालास तर वेळ संपली की तो प्रयत्न सोडला असं धरतात, नंतर भरून देत नाहीत.

म्हणून सकाळी गेल्या गेल्या लांब उडीच्या पंचांना भेट, चेस्ट नंबर दाखव, 'सर, माझी १०० पण आहे, कॉल आला की जाऊ का, माझी उडी आधी घेता का' असं नीट बोल. बरोबर शाळेचे सर असतील तर त्यांना पुढं कर, आपल्याकडं पोरांपेक्षा सरांचं ऐकतात, काय करणार. स्पाईक म्हणजे खिळ्यांचे बूट घालून सगळ्या मैदानभर फिरू नकोस. आणि १०० पळून धापा टाकत थेट रनवेवर उभा राहू नकोस. नाव पुकारल्यावर मिळतो तो वेळ पूर्ण वापर, दोन मोठे श्वास घे, मग निघ.

मंगळवार पेठेतनं लिहितोय. रोज पहाटे रंकाळ्याला पळतो, संध्याकाळी पेठेच्या फुटबॉल टीममध्ये विंगला खेळतो. एवढं करून १०० चं टायमिंग हलत नाही आणि नडगी लई दुखते. अजून वाढवू काय?

अरे बाबा, कमी कर! रंकाळ्याकडंचं वारं छान आहे, पोरं भेटतात, सगळं खरं, पण डांबरावर रोज मैल मैल पळून शरीर फक्त संथ पळायला शिकतं, आणि नडगी दुखते ती त्या कडक रस्त्यामुळं आणि रोजच्या माऱ्यामुळं. १०० मीटरला लागणारी ताकद स्नायूत आधीच साठवलेली असते, ती काही सेकंदांत संपते आणि पुरी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून स्पीडचं काम म्हणजे थोडं, फुल्ल जोरात, आणि मधी लांब विश्रांती. ३० मीटर पळालास की तीन मिनिटं थांब, ६० पळालास की सहा, साधा हिशोब दहा मीटरला एक मिनिट. बघणाऱ्याला वाटतं पोरगं नुसतं उभं राहतंय, आमच्याकडं अशा पोरांना आळशी म्हणणारे सर पण भेटतात, तू मनावर घेऊ नकोस. मधल्या वेळात दम लागलेला असताना पुन्हा पळलास तर ते स्पीडचं काम राहतच नाही.

आठवड्यात तीन दिवस असं कर, शक्यतो गवतावर नाहीतर मातीवर. एक दिवस स्टार्ट आणि पहिले ३० मीटर, एक दिवस ६० पर्यंत, एक दिवस उड्या आणि रनअप. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, त्याच्यासाठी गुडघ्यावर बसून कुणालातरी घोटे धरायला लावायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकायचं, सुरुवातीला पाचसहाच, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळेल. शंभराच्या शेवटी तू हळू होतोस तसं सगळेच होतात, बोल्टचा सगळ्यात जास्त स्पीड पण बर्लिनमध्ये ९.५८ च्या रेसला ६० ते ८० मीटरच्या मधी होता, त्याच्यापुढं तो पण थोडा उतरलाच. जो कमी उतरतो तो जिंकतो.

फुटबॉल सोड असं मी म्हणणार नाही, पेठेत राहायचंय तुला. पण स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे मॅच नको, एका टॅकलमध्ये सगळा सीझन जाईल. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा रात्री झोपेत पण ठणकत असेल तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडं जा.

माझी मुलगी दहावीत आहे, लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेली. घरचे म्हणतात या वर्षी बंद कर. दुसरं, पाळीच्या दिवसात उडी मारली तर त्रास होतो का? आणि खायला काय द्यावं? – एक आई, राजारामपुरी

पाळीचं आधी सांगते. काही होत नाही. दुखत नसेल तर तिनं पळावं, उडावं, दुखत असेल तर त्या दिवशी हलकं काम. काळजी करायची ती उलटी, म्हणजे तीन-चार महिने पाळी आलीच नाही, पोरगी वाळत चाललीय, सारखी दमते, तर ते जास्त सराव आणि कमी खाण्यामुळं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

खायला वेगळं काही नको. भाकरी, उसळ, पालेभाजी, दूध, खात असेल तर अंडी, आणि शेंगदाणे-गूळ, गूळ तर आपल्या दारात आहे. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जाऊ द्या, क्लासला उपाशी पळवू नका. स्पर्धेच्या दिवशी सकाळी दोन-अडीच तास आधी पोहे किंवा चपाती, मधी केळं. मिसळ जिंकल्यावर.

आणि बंद करू नका हो. आठवड्याला चार दिवस दीड तास, एवढ्यानं दहावी बुडत नाही, मोबाईलवर त्याच्यापेक्षा जास्त जातो. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण असतात, कुठल्या पातळीपर्यंत खेळली त्याप्रमाणं मिळतात, पण ते आपोआप नाही येत, शाळेनं प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो. प्रमाणपत्राच्या झेरॉक्स घेऊन तुम्ही स्वतः शाळेत जा, क्लार्कला विचारा, पुन्हा विचारा. सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे ते पण खरं, पण त्याला जिल्ह्याच्या बरंच वर जावं लागतं, त्या आशेवर तिला पळवू नका. तिला आवडतं का तेवढं विचारा.

मित्रानं मोबाईलवर टायमिंग लावलं, १०० मीटर ११.९ आलं. मी बारा सेकंदांच्या आत आलो ना?

मोबाईलवर आलास. हातानं घड्याळ दाबणारा माणूस आवाज ऐकून किंवा हात बघून दाबतो, त्यात उशीर होतोच, म्हणून इलेक्ट्रॉनिक टायमिंगशी तुलना करताना १०० ला ०.२४ सेकंद वाढवून धरतात. म्हणजे ११.९ चे १२.१४ झाले. त्यात मित्र फिनिशला उभा होता की स्टार्टला? स्टार्टला असेल तर तू रेषा नेमकी कधी ओलांडलीस ते त्याला लांबनं दिसलंच नाही. त्याला फिनिशला उभा कर, स्टार्टला दुसऱ्यानं हात वरनं खाली टाकायचा, हात हलला की घड्याळ सुरू, छाती रेषेवर आली की बंद. १०० पण टेपनं मोजा, पावलांनी नको.