समृद्धी महामार्गाचे फोटो काढायचे असतील तर रस्त्यावरून खाली उतर

भाऊ, पहिले सांगतो, समृद्धीवर गाडी थांबवून फोटो काढू नको, तिथं कार 120 नं येतात. अन तसंही वरून फक्त काँक्रीट दिसते.

गावरस्त्याचा अंडरपास असते ना, त्याच्या बाजूच्या पऱ्हाटीच्या वावरात उभा राय, कॅमेरा गुडघ्याएवढा खाली धर, फ्रेममधे एखादा माणूस नाहीतर बैलबंडी येऊ दे, मग समजते भराव केवढा उंच हाय ते. सकाळचं तिरपं ऊन पाहिजेच, दुपारी सगळं सपाट येते.

भरावाचा मुरूम जिथून खोदला त्या खदानी नक्की शोध. लोक इंटरचेंजचेच, म्हणजे महामार्गावर चढा-उतरायच्या वळणांचेच, ड्रोन शॉट टाकतात, पण जमिनीचं काय झालं ते मला तरी या खड्ड्यांतच जास्त दिसते. पावसाळ्यात पाणी भरते, कड ढासळते, काठावर जाऊ नको.

जागा एकच, लेन्स तीच ठेव, मे महिन्यात काढ अन सोयाबीन उभं असताना परत काढ. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 ले सुरू झाला, त्याच्या आधीचं शिवार गुगल अर्थच्या जुन्या सॅटेलाइट फोटोत पाहून ठेव.

पेंचच्या वाघाच्या जंगलाजवळ 44 नंबर हायवेवर जंगली जनावरांसाठी 9 अंडरपास-पूल हायेत, सगळ्यात मोठा 750 मीटरचा, ते पण काढ, पण वनविभागाच्या परवानगीशिवाय खाली उतरायचं नाही.

अन वावरात शिरताना मालकाले विचारजो, ज्याची जमीन गेली त्याच्याशी आधी बोल, कॅमेरा मग काढ, चालायचं धुऱ्यावरूनच.