जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा का आहे? बघायला गेल्यावर नेमकं काय पाहावं?

मनोरे मुळात दोन होते. दर्शनी भागाकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताला जी रिकामी जागा दिसते, तिथला उत्तरेकडचा मनोरा १७७६ साली कोसळला. तो पुन्हा उभारला गेला नाही, कारण तोवर शहरच ओस पडत चाललं होतं. साथींना कंटाळून लोक मांडवीच्या काठाने पणजीकडे सरकले होते, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयनेही १७५९ मध्ये आपला मुक्काम तिकडे हलवला होता. बंदर भरभराटीत असतानाही या इमारतीचं बांधकाम १५६२ ते १६१९ असं सत्तावन्न वर्षं चाललं आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. ओसाड गावात नवा मनोरा कोण बांधणार?

उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. हे नाव तिला नादावरून पडलं. ती सोन्याची नाही.

भिंती जांभ्याच्या आहेत, वर चुन्याचा गिलावा. हा गिलावा नुसत्या शोभेसाठी नसतो. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. चुन्यातून आतली ओल बाहेर पडते. सिमेंट लावलं तर ती आतच कोंडते आणि थर पोपडे धरून सुटतो. गिलावा नसला तर काय होतं, ते रस्त्यापलीकडच्या बॉम जीझस बॅसिलिकेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चवर, दिसेल. तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडे चिरे पावसाने झिजताहेत. माझ्या मते ती मोठीच चूक होती. दोन्ही भिंती एकापाठोपाठ जवळून बघा.

आत शिरल्यावर घाईने पुढे जाऊ नका. दाराजवळचं बाप्तिस्म्याचं कुंड १५३२ चं आहे, म्हणजे कॅथेड्रलपेक्षाही जुनं. मुख्य वेदीवरच्या सोनेरी फलकांत संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकलं तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं.

दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, तेव्हा फोटो हवे असतील तर सकाळीच पोहोचा. दुपारनंतर पांढरी भिंत सावलीत जाते. पणजीहून अंतर साधारण दहा किलोमीटर, कदंब स्थानकावरून बस मिळते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, आणि मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबा.