शेकाऐवजी प्लाझ्मा चालेल का?

तुम्ही विचारलंय, आत्यांना घशाच्या कॅन्सरसाठी शेक सांगितलाय, पण प्लाझ्माने फक्त कॅन्सरच्या पेशी मरतात असं वाचलं. मग शेकाऐवजी तोच घ्यावा का?

नाही. मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, डोस मोजणं हेच माझं काम, त्यामुळे थोडं पाल्हाळ लावते.

रेडिएशनला, म्हणजे किरणोपचाराला, 'शेक' सगळे म्हणतात, पेशंटशी बोलताना मीही म्हणते, पण त्यात ऊब नावालाही नसते. रोजचा नेहमीचा डोस २ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). त्याने तो भाग एका अंशाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही तापत नाही. तरी पेशी मरते, कारण घाव डीएनएवर बसतो. क्ष-किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे उपद्रवी तुकडे सुटतात आणि ते डीएनए तोडतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच तुटला तर पेशी दुसऱ्यावर बघून तो सांधते. दोन्ही एकाच जागी तुटले की सांधा चुकू शकतो, आणि १ ग्रेमागे अशा २० ते ४० जागा एका पेशीत होतात. ही डागडुजी निरोगी पेशींना जास्त चांगली जमते, म्हणून डोस तीस-पस्तीस दिवसांत वाटून देतात. (आत्या म्हणतील, "एकदाच काय ते देऊन टाका." सगळेच म्हणतात.)

आता प्लाझ्मा. करोनात गाजलेला रक्तातला नव्हे. हा विजेने आयनित केलेला, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केलेला, हेलियम किंवा आर्गॉन वायू, जेमतेम ४० अंशांचा. हवेशी आणि ओलाव्याशी मिळून तो हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट असले पदार्थ तयार करतो. कॅन्सरच्या पेशीत ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंची आधीच गर्दी असते. थोडी भर पडली की ती कोलमडते, निरोगी पेशीला तेवढं पचतं. म्हणजे तुम्ही वाचलंत ते अगदीच खोटं नाही. पण ते बहुतेक बशीत वाढवलेल्या पेशींवरचं. शरीरात हा मारा मिलिमीटर-दोन मिलिमीटरपुढे फारसा जात नाही. आमच्या ६ एमव्हीच्या (६० लाख व्होल्टच्या) क्ष-किरणांचा सर्वांत जास्त डोसच मुळी कातडीखाली दीड सेंटिमीटरवर पडतो. जर्मनीत २०१३ पासून प्लाझ्माचं एक उपकरण वापरात आहे, पण ते न भरणाऱ्या जखमांसाठी. अमेरिकेत २०१९ मध्ये कॅन्सरवर चाचणीला परवानगी मिळाली, तीही ऑपरेशनने गाठ काढल्यावर उरलेल्या कडांवर मारण्यासाठी.

तेव्हा शेक लांबवू नका. सुरू होण्याआधी आत्यांचे दात मात्र डेंटिस्टकडून नक्की तपासून घ्या. नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याची जखम लवकर भरत नाही.