सर तबला ठोकत बसतात, क्लास कधी सुरू होणार?

प्रश्न: माझी आठ वर्षांची मुलगी जवळच्याच गायनाच्या क्लासला जाते. क्लास पाचचा, पण तबल्याचे सर आधी दहा-पंधरा मिनिटं हातोडीने तबलाच ठोकत बसतात. बाई तीन महिने झाले तरी अलंकारच (सा-रे-ग-म चे पलटे) घोटून घेतायत, आणि ऑफिसातल्या काकूंना फीचं विचारायला गेलं की त्या आधी मुलीला विचारतात, रियाज झाला का? सगळे प्रेमळ आहेत, पण असंच असतं का सगळीकडे?
– एक आई, सातारा

उत्तर: हो ताई, असंच असतं, आणि असा स्टाफ मिळाला हे तुमच्या मुलीचं नशीब समजा! सर आत्ता जास्त ठोकतात कारण पावसाळा आहे. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, स्वर उतरतो, पेटी मात्र आपला स्वर सोडत नाही, मग तबल्यालाच तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. एकदा जवळ बसून बघा, सर एका घरावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या सोळा भागांपैकी एकावर, बोट मारून ऐकतात, गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, मग समोरचं घर, मग बाजूचं, अशी सोळाच्या सोळा घरं एका स्वरात आणायची म्हणजे वेळ लागणारच ना. मुलीला तिथेच बसवा आणि कुठलं घर उतरलंय ते ओळखायला सांगा, सरांना तर असा विद्यार्थी फार आवडेल.

बाईंचं म्हणाल तर अलंकार पक्के झाले की पुढे भूप राग शिकताना मुलगी अडखळत नाही, तीन महिने काहीच नाहीत.

आणि काकू! गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याआधी गाणं शिकायचं तर बहुतेक गुरूच्या घरीच राहावं लागायचं. आता वेळापत्रक, फी, परीक्षा सगळं आलं, आणि ते सांभाळणारं माणूसही आलं. गांधर्वच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, त्याच्या आधी काकूंचं टेबल बघा, फॉर्म, फोटो, कोणाचं स्पेलिंग चुकलंय, कोणी फीच भरली नाही, आणि तरी कुठलं पोर प्रवेशिकेच्या परीक्षेला आणि कुठलं त्यापुढच्या मध्यमेला हे त्यांना तोंडपाठ.

तुमच्या मुलीला प्रारंभिकला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, या नोव्हेंबरात बसवायचं की एप्रिलात ते बाईंना ठरवू द्या, आणि फॉर्म मात्र काकूंकडून वेळेत भरून घ्या.