डोंगरउतारावरच्या घरासाठी मोबिलिटी स्कूटर घेताना काय पाहावं?

तुमच्या आईंचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे साथ देत नाहीत, घर राजापूरकडे मुख्य रस्त्यापासून बरंच वर, आणि त्यांना कुणाची वाट न बघता खाली बाजारात जाता यावं, तर कोणती स्कूटर घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझी आई अशाच चढावरच्या घरात राहते आणि चार चाकी मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची बसायची गाडी, चालवते. माझं स्पष्ट मत असं की मॉडेल बघण्याआधी आपला रस्ता मोजा, आणि गाडी चढते किती यापेक्षा उतारावर थांबते कशी, हे आधी बघा. चढली नाही तर गाडी जागेवर राहील. उतारावर थांबली नाही, तर सावरायला वेळच मिळत नाही.

मोजणं सोपं आहे. गवंड्याकडून पाणसळ आणा आणि बरोबर एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या. फळीचं चढाकडचं टोक जमिनीला टेकवा, दुसरं टोक पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला. त्या टोकापासून जमिनीपर्यंत जितके सेंटिमीटर भरतील, तितके टक्के चढ. सगळ्यात खड्या जागी मोजा. वळणाच्या आतल्या बाजूला तर मोजाच, तिथे चढ हमखास जास्त निघतो. दुकानदार ‘१० पर्यंत चढते’ म्हणाला तर १० अंश की १० टक्के, हे विचारा. १० अंश म्हणजे जवळजवळ १८ टक्के, आणि १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश. हा फरक फार मोठा आहे.

आता बॅटरी. स्कूटर ९० किलो, आई ७० आणि पिशवी १० किलो धरली, तर १० टक्के चढावर ताशी ५ किलोमीटरने जाताना नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे २३० वॅट लागतात. चाकांचं घर्षण आणि मोटरमधला अपव्यय धरला तर बॅटरीतून ४०० वॅटच्या आसपास खेचले जातात, म्हणजे सपाटीच्या साधारण पाचपट. पत्रकातला ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा सपाटीवरचा असतो, तो तुमच्या कामाचा नाही. त्यातून तुमचं घर वर, म्हणजे जाताना उतार आणि चढ नेमका शेवटी, बॅटरी उतरलेली असताना. म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमता घ्या. लेड-ॲसिड बॅटरीतून असा जोराचा प्रवाह ओढला की ती छापील क्षमतेपेक्षा कमीच देते, त्यामुळे परवडत असेल तर लिथियम. मात्र ती सलग किती अँपिअर देऊ शकते, ते लिहून घ्या.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर. गाडी चालवायची अंगठ्याखालची पट्टी सोडली की आपोआप लागणारा विद्युतचुंबकी ब्रेक हवाच. शिवाय हाताने दाबायचा वेगळा ब्रेक असेल तर फार बरं. आणि सीटच्या मागे किंवा मोटरजवळ एक खटका असतो, गाडी ढकलत नेण्यासाठी. तो पाडला की मोटर चाकांपासून सुटते आणि तो आपोआप लागणारा ब्रेकही सुटतो. गाडी चढावर अडली की शेजारपाजारचे मदतीला धावतात आणि नेमका हाच खटका ओढतात. आईंना, घरातल्यांना, वाडीतल्या मुलांना हे दाखवून ठेवा: उतारावर या खटक्याला हात लावायचा नाही.

तीन चाकी गाडी अंगणात छान वळते, पण आडव्या उतारावर कलंडते, तेव्हा चार चाकीच घ्या. मोटर मागच्या चाकांना हवी, कारण चढावर भार मागे येतो आणि पुढची चाकं घसरतात. घडीच्या हलक्या स्कूटर मॉलसाठी ठीक, आपल्याकडे नकोत. गाडी मागे उलटू नये म्हणून मागच्या बाजूला लहान चाकं असतात. चढ जिथे एकदम सुरू होतो तिथे ती जमिनीला टेकून मोटरची चाकं उचलली जात नाहीत ना, तेही बघा. पाखाडीच्या पायऱ्यांचा विचार सोडाच.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलं की कुठलाही टायर धरत नाही. घरापर्यंतची वाट तुमच्याच जमिनीतली असेल आणि चढ १२ टक्क्यांच्या वर निघाला, तर महागडी गाडी घेण्याऐवजी आधी वाटेवर खर्च करा. एक वळण वाढवून चढ कमी करा आणि काँक्रीट ओलं असतानाच त्यावर आडव्या खाचा पाडून घ्या. सार्वजनिक इमारतींच्या रॅम्पला १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी धरतात. घरी तेवढी जागा मिळत नाही, पण त्या दिशेने जितकं जाता येईल तितकं चांगलं.

शोरूमच्या फरशीवरची ट्रायल घेऊ नका. गाडी घरी आणवा, आईंना बसवा, कुणीतरी धरायला सोबत राहा आणि सगळ्यात खड्या जागी पट्टी सोडायला सांगा. गाडी इंचभरही मागे न जाता उभी राहिली पाहिजे आणि तिथूनच पुन्हा वर निघाली पाहिजे. दुकानदार याला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.

फळीचा आकडा, आईंचं वजन आणि बाजारापर्यंतचं अंतर इथेच कळवा. मोटर आणि बॅटरी किती लागेल, याचा हिशेब मी मांडून देतो.