सजावट कमी होते तेव्हा खेळाडू काय वाचतात

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा अहवालाचा मसुदा, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. आपल्या डिजिटल कार्ड गेममध्ये पुढच्या विस्तारापासून (नव्या कार्डांच्या संचापासून) नवे बोर्ड, म्हणजे सामन्यामागचे सजवलेले पट, येणार नाहीत, हलणारी कार्डे फक्त लेजंडरी या दुर्मीळ दर्जापुरती राहतील आणि दर महिन्याचा मोफत कार्ड बॅक (कार्डाच्या पाठीवरचे चित्र) बंद होईल, या घोषणेनंतर आलेल्या प्रतिक्रिया तू मनापासून गोळा केल्या आहेस, हे पानोपानी जाणवते. मात्र शेवटी तू लिहिले आहेस की खेळाच्या नियमांवर किंवा जिंकण्या-हरण्यावर कसलाही परिणाम न करणाऱ्या गोष्टींसाठी इतका राग अनाठायी वाटतो. हे वाक्य अहवालातून काढावेस अशी माझी विनंती आहे. ते राहिले तर वरिष्ठ तेवढेच वाचतील आणि त्याआधीची तुझी सारी मेहनत वाया जाईल.

छापील कार्ड विकता येते, कुणाला देता येते, खेळ बंद पडला तरी कपाटात राहते. डिजिटल कार्डाचे तसे नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर असते, खेळाडूकडे केवळ वापराचा परवाना असतो, आणि बहुतेक खेळांत ते दुसऱ्याला विकण्याची सोय नसते. म्हणून हलणारे कार्ड किंवा नायकाची नवी स्किन (नवे रूप) घेणारा माणूस खरे तर येणाऱ्या काळासाठी पैसे मोजत असतो : हा खेळ चालू राहील, मी तो खेळत राहीन, आणि हे चित्र पुढे शेकडो वेळा माझ्या हातात येईल, असे त्याने गृहीत धरलेले असते. जिंकण्यासाठी लागणारे कार्ड घेताना माणूस निदान आजचा सामना पाहतो, पण सजावटीची किंमत पूर्णपणे खेळाच्या आयुष्यावर अवलंबून असते. त्यामुळे कंपनीने सजावटीवरचा खर्च कमी केला की खेळाडूच्या मनात पहिला प्रश्न चित्राविषयी येतच नाही. या लोकांचाच आता आपल्या खेळावर विश्वास उरला नाही का, असे तो विचारतो. तुझ्या मसुद्यात 'खेळ संपत आला' या अर्थाची वाक्ये तू 'अतिशयोक्ती' या शीर्षकाखाली टाकली आहेस. माझ्या मते तोच या सगळ्या प्रतिक्रियांचा गाभा आहे.

ही भीती हवेतून आलेली नाही. व्हॉल्व्ह कंपनीचा आर्टिफॅक्ट हा कार्ड गेम नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजारात आला आणि मार्च २०२१ मध्ये त्याचे काम थांबले. ग्वेंट हा देखण्या, हलणाऱ्या प्रीमियम कार्डांसाठी नावाजलेला खेळ ऑक्टोबर २०१८ मध्ये बीटा या चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडला; डिसेंबर २०२२ मध्ये त्याची निर्माती कंपनी सीडी प्रोजेक्ट रेडने जाहीर केले की २०२३ नंतर नवी कार्डे येणार नाहीत, आणि पुढे कार्डांच्या ताकदीतील फेरबदल खेळाडूंच्याच मतदानावर सोपवण्यात आले. लेजंड्स ऑफ रुनटेराची गोष्ट तर तू पुन्हापुन्हा अभ्यासावीस अशी आहे. २०२० मध्ये आलेल्या या खेळात कार्डे इतक्या उदारपणे मिळत की पैसे न भरताही पूर्ण संग्रह करता येई. कमाईचा भार बोर्ड, स्किन, पाळीव सोबती आणि कार्ड बॅक यांच्यावर होता. जानेवारी २०२४ मध्ये रायट गेम्सने सुमारे ५३० जणांची कपात केली, तेव्हा या खेळाचा चमूही लहान झाला, आणि खेळाडूंमधील स्पर्धेऐवजी एकट्याने खेळायच्या 'पाथ ऑफ चॅम्पियन्स' या प्रकाराकडे मुख्य लक्ष वळवण्यात आले. खर्चाच्या मानाने खेळाची कमाई पुरेशी नव्हती, हे कंपनीने तेव्हा उघडपणे सांगितले. असे एक-दोन खेळ हातातून गेलेला माणूस तुझ्या घोषणेतली 'यापुढे नवे बोर्ड नाहीत' ही ओळ कोणत्या नजरेने वाचत असेल, याचा विचार कर.

आता रागाच्या दुसऱ्या धाग्याकडे येते. तुझा मुद्दा असा आहे की आपण कोणाकडून काहीही काढून घेतलेले नाही, जुनी सजावट ज्याची त्याच्याकडेच आहे. हिशेबाच्या वहीत हे खरे आहे. पण वर्षानुवर्षे एकेक कार्ड जमवून आपला आवडता डेक (सामन्यासाठी निवडलेला कार्डांचा संच) संपूर्ण हलत्या कार्डांचा केलेला खेळाडू डोळ्यांसमोर आण. पुढच्या विस्तारानंतर त्याला स्पर्धेत टिकायचे असेल तर नवी साधी कार्डे डेकमध्ये घ्यावीच लागतील, आणि तीस कार्डांत सात-आठ कार्डे निश्चल दिसू लागतील. त्याने आधी भरलेल्या पैशांचे मोल त्या दिवशी कमी होते, कारण त्याला सुटे कार्ड नको होते, त्याला पूर्ण डेक हवा होता. कपात भविष्यातली असली तरी तिची झळ भूतकाळातल्या खरेदीला लागते. तुझ्या मसुद्यात हा माणूस 'संग्राहक, संख्येने अल्प' एवढ्या शब्दांत आटोपला आहे. त्याला निदान एक पूर्ण परिच्छेद दे, कारण खेळावर सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त जीव लावणारा बहुधा तोच असतो.

न्याय-अन्यायाच्या भावनेविषयी डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयोगी पडेल. टोरोंटो आणि व्हँकुव्हरच्या रहिवाशांना त्यांनी दूरध्वनीवरून छोटे प्रसंग सांगून मते विचारली होती. धंदा वाढत नसल्यामुळे एका छोट्या कंपनीने पगार १० टक्क्यांनी कमी केला, तर ६१ टक्के लोकांना ते अन्यायाचे वाटले. तेवढीच रक्कम आजवर बोनस म्हणून मिळत होती आणि मालकांनी तो बोनस बंद केला, तर अन्याय म्हणणारे फक्त २० टक्के निघाले. कामगाराच्या हातची रक्कम दोन्हीकडे सारखीच घटली होती, पण नेहमीचे आणि वरकड यांची मनातली खाती वेगळी होती. आपल्या घोषणेत दर महिन्याचा मोफत कार्ड बॅक 'अतिरिक्त भेट' म्हणून संबोधला आहे. इतकी वर्षे न चुकता मिळणारी वस्तू खेळाडूने कधीच नेहमीच्या खात्यात टाकलेली आहे. नवे बोर्ड मात्र कधी यायचे, कधी यायचे नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयीचा सूर तुलनेने सौम्य आहे. तू जमवलेल्या प्रतिक्रिया या नजरेने पुन्हा चाळल्यास हा फरक तुलाच दिसेल. त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट आढळली : तोट्यापासून बचाव करण्यासाठी उचललेले कठोर पाऊल लोक समजून घेतात, पण संधी साधून नफा वाढवण्यासाठी उचललेले तसेच पाऊल ते माफ करत नाहीत. म्हणून कपातीच्या घोषणेच्या आठवड्यात दुकानात महागडा बंडल मांडणे यासारखी घातक गोष्ट नाही. तो बंडल आधीपासून ठरलेला असला तरी पुढे ढकलावा, असे अहवालात ठळकपणे लिही.

'बरे झाले, आता ते पैसे बग सुधारायला आणि समतोल राखायला वापरा' असे म्हणणाऱ्यांना तू समर्थक म्हणून मोजले आहेस. त्यांचे समर्थन सशर्त आहे. वाचलेला पैसा खेळातच राहील असे त्यांनी स्वतःच धरून चालले आहे, आपण तसे कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे दोन पॅचनंतरही (खेळातल्या दुरुस्त्यांनंतरही) जुनेच बग दिसले तर हेच लोक सर्वांत कडवट होतील. चित्रकारांचे काम गेले का, आणि यापुढची चित्रे यंत्राकडून करून घेणार का, हे विचारणारे थोडे आहेत, पण त्यांना गप्प राहून टाळू नकोस. खरे उत्तर मिळव आणि तेच दे.

संख्येबाबत एक सावधगिरी. किती जणांनी तक्रार केली याचे तक्ते तू सुबक केले आहेस, पण तक्रार करणारा अजून खेळात आहे हे विसरू नकोस. नाराज माणसापुढे सोडून जाणे आणि बोलून दाखवणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा त्याला काही काळ दुसऱ्या मार्गावर धरून ठेवते, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये केली होती. चार परिच्छेदांची संतप्त तक्रार लिहिणारा खेळाडू आपल्याला अजून एक संधी देत असतो. आधी दर हंगामाला जादा बक्षिसांचा पास विकत घेणारे आणि या वेळी काहीही न बोलता तो न घेतलेले किती, हा आकडा विक्री विभागाकडून मागवून घे. तो तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

उत्तर कसे द्यावे, हा तुझ्या पत्रातला खरा प्रश्न होता. कार्ड गेम खेळणारी माणसे डेकमध्ये उरलेल्या कार्डांची संभाव्यता गंमत म्हणून मनातल्या मनात काढतात. त्यांच्यापुढे सजवलेला आकडा ठेवू नये. मॅजिक : द गॅदरिंग अरेनामध्ये २०१९ साली हिस्टॉरिक या जुनी कार्डे चालणाऱ्या प्रकारातल्या एका कार्डासाठी एकाऐवजी दोन वाइल्डकार्ड (हवे ते कार्ड मिळवण्यासाठी मोजायची कार्डे) घेण्याचा बेत जाहीर झाला आणि खेळाडूंचा रोष पाहून तो मागे घ्यावा लागला. ब्लिझार्ड कंपनीच्या हार्थस्टोनमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात बक्षिसांची नवी पद्धत आली, तेव्हा जुन्या आणि नव्या पद्धतीत खेळातले सोने किती मिळते याचा हिशेब खेळाडूंनी स्वतः मांडला आणि ब्लिझार्डला पद्धतीत दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्याच खेळात एप्रिल २०२४ मध्ये साप्ताहिक कामगिरीसाठी ५ ऐवजी १५ विजयांची अट आली आणि बक्षीस वाढले ते २० टक्क्यांनी. काही दिवसांतच ती अट खाली आणावी लागली. तिप्पट श्रमाला सव्वापटही मोबदला नाही, हे कोणालाही क्षणात कळते. हे प्रसंग सजावटीचे नाहीत, तरी लागू पडतात, कारण राग जितका बदलामुळे आला तितकाच आपल्याला हिशेब येत नाही असे गृहीत धरले गेल्यामुळेही आला.

तेव्हा काय बंद होत आहे, काय चालू राहणार आहे आणि कोठवर, हे एकाच ठिकाणी, एकाच वेळी सांगावे. कारणही खरे सांगावे. हलणाऱ्या कार्डामागे किती काम असते हे बहुतेक खेळाडूंना कोणी कधी सांगितलेलेच नसते : मूळ चित्राचे थर वेगळे करणे, पुढच्या आकृतीमागे झाकलेला भाग नव्याने रंगवणे, हालचाल, प्रकाश आणि आवाज देणे, मग जुन्या फोनवर ते अडखळत नाही ना हे तपासणे, आणि डाउनलोडचा आकार वाढू न देणे. हार्थस्टोनसारख्या खेळात वर्षाला तीन विस्तार येतात, एकेका विस्तारात १३५ च्या वर कार्डे असतात, आणि प्रत्येकाची हलणारी सोनेरी आवृत्ती करावी लागते. लहान चमूला हा वेग झेपत नाही, हे समजून घेण्याइतका समंजसपणा खेळाडूंकडे नक्की असतो. 'आपला अनुभव अधिक चांगला करण्यासाठी' हे शब्द मात्र घोषणेत येऊ देऊ नकोस. अनुभव कमी होत आहे हे वाचणाऱ्याला दिसत असते, आणि त्या एका वाक्यानंतर तो बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास ठेवत नाही.

दोन मागण्या तू अहवालात आग्रहाने मांडाव्यास. ज्या मालिका अर्ध्यावर आहेत त्या आधी पूर्ण व्हाव्यात. नायकांच्या अकरा वर्गांपैकी नऊ वर्गांना हिवाळी स्किन मिळाली असेल, तर उरलेल्या दोन करूनच थांबावे. त्या दोन स्किनच्या खर्चात आपण त्या वर्गांच्या खेळाडूंचा जो विश्वास राखू, तो नंतर कोणत्याही सवलतीने विकत घेता येणार नाही. आणि घोषणेच्या आधी हंगामाचा पास घेतलेल्यांना मागितल्यास पैसे परत मिळावेत. पास घेताना त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक होती, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

चित्रकारांना किंवा तुला उद्देशून केलेली शिवीगाळ काढून टाकण्यात संकोच करू नकोस. परंतु कडक शब्दांतली टीका तशीच राहू दे, तिला उत्तर देता येत नसेल तरीही.

सुधारलेला मसुदा वरिष्ठांकडे जाण्याआधी एकदा माझ्याकडे पाठव. संग्राहकांचा परिच्छेद आणि पास न घेतलेल्यांचा आकडा त्यात असू दे. विक्री विभागाने आकडा द्यायला वेळ लावला तर कळव, तेथे कोणाशी बोलावे ते सांगते.

तुझी हितचिंतक